विटेवरचा देव आणि बाळंतिणीची खाट

॥ रामकृष्णहरि ॥

वारकरी मायबापहो, पंढरीस जाऊन आपण विटेवरच्या सावळ्या मूर्तीच्या पायांवर डोके ठेवतो. पण देव विटेवर का उभा आहे? कथा सर्वांच्या तोंडी आहे. देव दारी आला तेव्हा पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. त्याने सेवा टाकली नाही. वीट पुढे सारली आणि देवाला थांबवले. देव रागावला का? नाही, तो कमरेवर हात ठेवून उभाच राहिला. म्हणजे पंढरीचा पायाच सेवेचा आहे, बरे का!

हे आज सांगण्याचे कारण असे की, सप्ताहात एका भाविकाने मला विचारले, “बुवा, अन्नदानाचे पुण्य कळते, पण दवाखान्याला दिलेले देवाला पोचते का?” त्याला मी नागपूरचीच गोष्ट सांगितली, तीच तुम्हांस सांगतो.

शंभर वर्षांपूर्वीचे बाळंतपण आठवा. घरातली सर्वांत अंधारी खोली बाळंतिणीची. सोयर म्हणून तिला कोणी शिवायचे नाही. हाती लागेल त्या विळ्याने नाळ कापायची. मग आईला सूतिकाज्वर आणि बाळाला धनुर्वात! घरचे म्हणत, नशिबाचे भोग. अहो, नशीब कसले? न धुतलेले हात आणि न उकळलेले हत्यार, याला आपण नशीब म्हणत होतो.

अशा काळी, १९२१ साली, कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी नागपुरात मातृसेवा संघ उभा केला. कमलाताईंना लहान वयातच वैधव्य आले होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे एका कोपऱ्यात आयुष्य काढावयाचे. पण त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतले आणि अवघ्या चार खाटांनिशी सूतिकागृह सुरू केले. पुढे विदर्भात व मध्य प्रदेशात त्याच्या शाखा झाल्या, १९५८ साली समाजकार्य शिकविणारी संस्था निघाली, वृद्धांसाठी पंचवटी झाली. १९६१ साली सरकारने कमलाताईंना पद्मश्री दिली. २०२१ साली संघाला शंभर वर्षे पूर्ण झाली.

आपण ज्ञानोबारायांना माउली म्हणतो, विठ्ठलाला विठाई म्हणतो. मग कळा देणारी, गाठीला पैसा नसलेली खेड्यातली बाई कोण? तीही माउलीच ना? तिच्या खाटेपाशी रात्रभर जागणारी परिचारिका पुंडलिकाचेच काम करते. तिला दिवा, औषध आणि स्वच्छ कापड पुरवणे हे आपले काम.

आता द्यावयाचे कसे? कोणी म्हणेल, मी गरीब, माझ्याने काय होणार? एकादशी घ्या. वर्षाला साधारण चोवीस. उपवास म्हणतो, आणि साबुदाणा, शेंगदाणे, रताळी यांवर रोजच्याहून जास्त खर्च करतो. “एकादशी दुप्पट खाशी” हे काही उगीच म्हणत नाहीत. तो फराळ कमी करून दर एकादशीला दहा रुपये बाजूला ठेवा. दिंडीत शंभर माणसे असली तर वर्षाचे चोवीस हजार होतात. एखाद्या धनिकाची एकदाची मोठी देणगी चांगलीच. पण दवाखान्याला सुया आणि कापूस रोज लागतो. म्हणून नेमाने येणारी लहान मूठ मोलाची. वारीही नेमानेच होते ना!

दोन पथ्ये मात्र पाळा. पहिले, पैसा दिला की पावती घ्या आणि वर्षाचा हिशेब मागा. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. धर्माचा पैसा आहे, तो स्वच्छच असला पाहिजे. दुसरे, भिंतीवरच्या पाटीत आपले नाव शोधू नका. पुंडलिकाने वीट दिली, पण तिच्यावर नाव कोरले नाही.

आणि घेणाऱ्यांनो, तुम्हीही लाजू नका. महाराष्ट्रातील मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखाव्या लागतात. उच्च न्यायालयाने मान्य केलेली ही योजना २००६ पासून चालू आहे. ती भीक नव्हे, हक्क आहे. शेजारच्या घरी कोणी पैशाअभावी अंगावर दुखणे काढीत असेल तर त्याला हे सांगा, उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका बरोबर घ्या आणि त्याच्या संगे रुग्णालयात जा. ज्याच्यापाशी द्यायला दमडी नाही, त्याला एवढी सेवा तर करता येईल!

त्या भाविकाने पुन्हा विचारले, “म्हणजे देवाला पोचते तर?” मी म्हटले, “बाबा, देव कोठे दूर आहे? सेवा चालली आहे तेथे तो दाराशी उभाच आहे. तू वीट तेवढी पुढे सार.”

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!