खोटा शिक्का, खोटी साक्ष




रमजानला काही आठवडे शिल्लक होते. जुम्माच्या नमाजनंतर लोक पांगत असताना एक तरुण माझ्याजवळ येऊन बसला. तो रस्त्याच्या कडेला गॉगल विकतो. घरी आई, पत्नी आणि दोन मुले आहेत. थोडा वेळ घुटमळून त्याने विचारले, "मौलाना, माझ्याकडच्या गॉगलवर मोठ्या कंपनीचे नाव असते, पण माल फर्स्ट कॉपी असतो. मी गिऱ्हाइकापासून काही लपवत नाही. तीनशे रुपयांत अस्सल गॉगल मिळत नाही, हे त्यालाही ठाऊक असते. मग फसवणूक झाली कुणाची? माझी कमाई हलाल आहे ना?"

प्रश्न एका तरुणाचा असला तरी मुंबईच्या फुटपाथांपासून तालुक्याच्या आठवडी बाजारापर्यंत असा माल विकणारे आणि विकत घेणारे आपण सर्वच त्यात आलो. म्हणून त्याचा विचार येथे शांतपणे करू या.

प्रथम वस्तू समजून घेऊ. या धंद्यात ज्या नावाच्या नकला सर्रास दिसतात, ते नाव म्हणजे 'रे-बॅन'. अमेरिकेतील बॉश अँड लॉम्ब या कंपनीने १९३७ साली या नावाने वैमानिकांच्या घाटाचा गॉगल बाजारात आणला. १९९९ मध्ये हे नाव लक्झोटिका या इटालियन कंपनीकडे गेले. नावाचा अर्थच किरणांना मज्जाव असा आहे. म्हणजे गॉगलवरचे ते अक्षर केवळ शोभेचे नाही. ही वस्तू कोणी बनवली, तिची जबाबदारी कोणावर आहे आणि ती डोळ्यांना कशापासून वाचवील, याचे ते वचन आहे.

आता नक्कल पाहा. फ्रेमचा आकार तोच, काडीवरचे नाव तेच, डबी आणि पुसायचे फडकेही तसेच. अस्सल मालाच्या काचेच्या कडेला बारीक अक्षरे कोरलेली असतात. आता नकलेवरही ती सापडतात. बिजागरी हाताला ढिली लागते, काडीवरचा रंग काही महिन्यांत उडतो, नाकावरचे टेकू पिवळे पडतात; पण हे पुढे कळते. खरा फरक तर डोळ्यांना दिसतच नाही. काचेचा काळेपणा आणि काचेचे संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या कंपनीची प्रसिद्ध हिरवट काच दृश्य प्रकाशापैकी सुमारे १५ टक्केच आत येऊ देते. तेवढा काळेपणा साध्या रंगानेही आणता येतो. परंतु सूर्याचे अतिनील किरण रंगाने अडतीलच असे नाही. उत्तम काच ४०० नॅनोमीटरपर्यंतचे हे किरण रोखते. 'यूव्ही ४००' या शब्दांचा अर्थ तोच. काच काळी असली आणि हे संरक्षण तिच्यात नसले, तर अंधारामुळे बाहुली विस्फारते आणि घातक किरणांना वाट अधिक मोकळी होते. अशा किरणांचा दीर्घकाळ मारा मोतीबिंदूला हातभार लावतो, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. स्वस्त गॉगल म्हणजे वाईट गॉगल, असे मुळीच नाही. पॉलिकार्बोनेटची साधी काच हे किरण स्वभावतःच बऱ्याच अंशी अडवते, आणि एखादी नक्कलही या कसोटीला उतरू शकते. प्रश्न असा की ती उतरली की नाही, हे विकणाऱ्याला ठाऊक नसते. ज्याने कंपनीचे नाव खोटे छापले, त्याने 'यूव्ही ४००'ची चिकटपट्टी खरी लावली असेल, हे कशावरून मानावे?

मी त्या तरुणाला म्हणालो, "बेटा, उन्हात दिवसभर उभा राहतोस. तू स्वतः कोणता गॉगल वापरतोस?" त्याने खिशातून एक साधा, नाव नसलेला गॉगल काढला. तो त्याने चष्म्याच्या दुकानातून, यंत्रावर तपासून घेतला होता. "धाकट्या मुलालाही तिथूनच घेऊन दिला," असे सांगता सांगता तो थबकला. पुढचे मला बोलावे लागले नाही. आपण स्वतःसाठी जे पसंत करतो तेच आपल्या भावासाठी पसंत करीपर्यंत आपला ईमान पूर्ण होत नाही, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण त्याला लहानपणापासून पाठ होती. त्या दिवशी ती त्याच्या हातातील वस्तूला येऊन भिडली.

परंतु त्याचा मूळ प्रश्न अजून शिल्लक आहे. घेणाऱ्याला सर्व माहीत असेल, तर पाप कशाचे?

वाचकहो, प्रेषित (स.) एकदा मदीनेच्या बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला की पावसाने धान्य भिजले आहे. तेव्हा आपण (स.) त्याला विचारले की मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, आणि जो फसवतो त्याचा आमच्याशी संबंध नाही, असे बजावले. हा प्रसंग सहीह मुस्लिममध्ये आहे. येथे खोटे शब्दांत नव्हते. विक्रेत्याने तोंडाने काहीच असत्य सांगितले नव्हते. खोटे त्या ढिगाच्या मांडणीत होते. वस्तूदेखील बोलत असते. फर्स्ट कॉपी विकणाऱ्याच्या जिभेवर खरे असेल, पण त्याच्या हातातील गॉगल मात्र ठळक अक्षरांत सांगत असतो की मला अमुक कंपनीने बनवले आहे. ही साक्ष आहे, आणि ती खोटी आहे.

ही साक्ष कोणासाठी दिली जाते, तेही पाहा. घेणाऱ्यासाठी नव्हे, कारण त्याला सत्य माहीत आहे. ती देणे आहे पाहणाऱ्यांना. लग्नात, महाविद्यालयात, मोटारसायकलवर लोकांनी आपल्याला जे नाही ते समजावे, यासाठीच तर ते नाव हवे असते. केवळ ऊन अडवायचे असते, तर नावाशिवायचा गॉगल पुरला असता. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये हजरत अस्मा बिन्त अबू बक्र (रजि.) यांची एक रिवायत आहे. जे आपल्याला मिळालेलेच नाही, ते मिळाल्याचा देखावा करणाऱ्याला प्रेषितांनी (स.) असत्याची दोन वस्त्रे परिधान करणाऱ्याची उपमा दिली. तेथे असत्यासाठी आलेला शब्द आहे 'जूर'. खोट्या साक्षीलाही अरबीत हाच शब्द आहे: शहादतुज्जूर. मोठ्या पापांविषयी सांगताना प्रेषित (स.) टेकून बसले होते, खोट्या साक्षीचा उल्लेख येताच ते सावरून बसले आणि तो शब्द पुन्हा पुन्हा उच्चारत राहिले. सूरह फुरकानमध्ये परमकृपाळूच्या दासांची जी लक्षणे आली आहेत, त्यांत ते जूरचे साक्षी होत नाहीत, हेही एक आहे.

म्हणून विक्रेता आणि गिऱ्हाईक या दोघांच्या संमतीने हा व्यवहार शुद्ध होत नाही. दोघांनी मिळून तिसऱ्यासमोर खोटी साक्ष द्यायची, असा तो करार ठरतो. पापकर्मात परस्परांना साहाय्य करू नका, असा सूरह माइदामध्ये अल्लाहचा आदेश आहे.

काही बंधू म्हणतात, "कंपनी कोट्यधीश आहे, परकी आहे, अवाच्या सवा किंमत लावते. तिचे काय बिघडले?" किंमत महाग वाटत असेल तर घेऊ नये, हा मार्ग खुला आहे. दुसऱ्याचे नाव उचलण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. सूरह निसाच्या १३५व्या आयतीत ईमानधारकांना अल्लाहसाठी न्यायाचे साक्षी होण्यास सांगितले आहे, मग ती साक्ष स्वतःच्या विरुद्ध का जाईना, आणि समोरचा श्रीमंत असो की गरीब. मापात मारणाऱ्यांची सूरह मुतफ्फिफीनमध्ये जी निर्भर्त्सना आहे, तिथेही लोकांचा उल्लेख आहे. आपले आणि परके असा भेद तिथे नाही. आजच्या काळातील विद्वानांनी यावर विचार केला आहे. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात व्यापारी नाव आणि व्यापारचिन्ह हे मालकाचे शरीअतमान्य हक्क आहेत, त्यांवर अतिक्रमण करता येणार नाही, असा ठराव केला. आपल्या देशाच्या १९९९च्या व्यापारचिन्ह कायद्यातही खोटे चिन्ह लावणे आणि असा माल विकणे यांसाठी कैद व दंड आहे. पोलीस येतील म्हणून नव्हे, तर हक्क दुसऱ्याचा आहे म्हणून मोमिनाने हात आवरावा.

याचा अर्थ महागडा अस्सल गॉगलच घ्यावा, असाही नाही. अल्लाह सुंदर आहे आणि त्याला सौंदर्य आवडते, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. त्याच हदीसमध्ये गर्व म्हणजे सत्य झिडकारणे व लोकांना तुच्छ लेखणे, असेही आहे. ज्याची ऐपत आहे त्याने अस्सल वस्तू घेतली तर दोष नाही. मात्र केवळ मिरवण्यासाठी हजारो रुपये उधळले, तर अस्सल गॉगलखालीही नियत नकलीच राहते. ज्याची ऐपत नाही त्याने साधा, तपासलेला, नाव नसलेला गॉगल अभिमानाने लावावा. चष्म्याच्या दुकानातील यंत्र काच क्षणभरात तपासून देते. सूरह बनी इस्राईलच्या ३६व्या आयतीनुसार श्रवण, दृष्टी आणि हृदय या सर्वांविषयी आपल्याला जाब विचारला जाणार आहे. डोळे ही अमानत आहे. त्यांच्यावर काय चढवतो, आणि त्यांच्याकरवी काय मिरवतो, दोन्हींचा हिशेब आहे.

त्या तरुणाला मी एवढेच सुचवले की नावाचा माल भरणे आजपासून थांबव, नाव नसलेला माल आण, तो तपासून घे आणि गिऱ्हाइकाला जे आहे तेच सांग. खरेदी करणारा आणि विकणारा दोघे खरे बोलले व दोष उघड केले, तर त्यांच्या व्यवहारात बरकत येते, आणि लपवले तर बरकत पुसली जाते, असे हदीसमध्ये आहे. तो ऐकून गेला.

ईदनंतर तो पुन्हा भेटला. त्याची विक्री निम्म्यावर आली होती, हे मी वाचकांपासून लपवणार नाही. मुले नावच मागत होती आणि शेजारच्या गाडीवर जात होती. त्याच्या चेहऱ्यावर काळजी होती. तरी तो म्हणाला, "मौलाना, या वेळी फित्रा काढताना पहिल्यांदा मनात शंका आली नाही." जो अल्लाहचे भय बाळगतो त्याच्यासाठी अल्लाह वाट काढतो आणि कल्पनाही नसेल तिथून उपजीविका देतो, हे सूरह तलाकमधील वचन मी त्याला सांगितले. वाट लगेच दिसेल असे मात्र त्यात म्हटलेले नाही. तोपर्यंत त्याची गाडी चालावी, याची थोडी जबाबदारी आपलीही आहे. प्रामाणिक विक्रेत्याकडे न जाता नावाच्या मोहाने शेजारच्या गाडीवर जाणारे गिऱ्हाईक आपल्याच घरातील असते.

आणि शेवटी स्वतःकडे पाहू या. आपल्यावरही एक नाव आहे: मुस्लिम. तेही एक वचन आहे. बाजारात, कचेरीत, शेजारात लोक त्या नावावरून आपल्याकडे सचोटीची अपेक्षा ठेवतात. नाव वर आणि आत वचन नाही, अशी आपली गत कयामतच्या दिवशी होऊ नये.

हे अल्लाह, आमच्या नावाला आमच्या कृतीची खरी साक्ष लाभू दे, आमची कमाई पाक कर, आणि हलालच्या तंगीत जे धीर धरून आहेत त्यांच्यासाठी तुझ्या कृपेची दारे उघड. आमीन.