कौतुक कुणाचं, मिरवणं कुणाचं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंती येते मार्गशीर्षात. तोवर कॉलेजांचे प्रवेश केव्हाच आटोपलेले असतात. चौकाचौकांत झळकलेले अभिनंदनाचे फ्लेक्स उतरलेले असतात. त्यांतला एखादा कुणाच्या सरपणावर, नाहीतर जुन्या स्कूटरवर झाकण म्हणून पडलेला दिसतो. हा विषय मी मुद्दाम आत्ता काढतो आहे. ऐन हंगामात काढला असता तर कुणाच्या तरी आनंदावर विरजण पडलं असतं.

प्रश्न साधा आहे. मुलाला किंवा मुलीला चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, तर घरच्यांनी तो चारचौघांत मिरवावा का? मिरवावा तर किती?

आनंद होणं यात काहीच गैर नाही. दोन वर्षं ज्या घरात टीव्ही लागला नाही, आई पहाटे साडेचारला उठून चहा करत बसली, त्या घरानं पेढे वाटले तर ते कुणाला खुपू नयेत. शिवाय सगळे फ्लेक्स सारखे नसतात. एखाद्या वस्तीतली पहिलीच मुलगी मेडिकलला जाते, तिचे आईवडील मजुरी करणारे. तिचा फोटो वस्तीच्या तोंडाशी लागला तर तो बघून आणखी चार मुली अभ्यासाला बसतात. त्या फ्लेक्सला मी हात जोडीन.

आमच्या लहानपणी उलट होतं. कुणी मुलाची स्तुती केली की आजी म्हणायची, "पुरे, दृष्ट लागेल," आणि संध्याकाळी मीठमोहऱ्या ओवाळून टाकायची. वडील तर तोंडावर कधी 'शाब्बास' म्हणायचेच नाहीत. तेही काही फार चांगलं होतं असं नाही. शाबासकीला आसुसलेली कित्येक माणसं त्या पिढीत म्हातारी झाली.

आता काटा पार दुसऱ्या टोकाला गेला आहे. फ्लेक्सवर मुलाचा फोटो पासपोर्टएवढा आणि शुभेच्छुकांचे हातभर. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर कॅप राउंडचं अलॉटमेंट लेटर जसंच्या तसं, नाव, गुण, अर्ज क्रमांकासकट. हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत गाडीच्या मागच्या काचेवर मुलाच्या कॉलेजाचं नाव चिकटवतात, आणि तिकडे गेलेली आपली मराठी मंडळीही त्यात मागे नाहीत. माणूस इथून तिथून सारखाच.

मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, कौतुक आणि मिरवणं. कौतुक करताना आपलं तोंड मुलाकडे असतं. मिरवताना तोंड लोकांकडे असतं आणि मूल आपल्या पाठीमागे जातं. मला वाटतं, सगळा फरक इथेच आहे.

मी छत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यामुळे मला जमा-नावेच्या भाषेत बोलल्याशिवाय चैन पडत नाही. कॉमर्सच्या पहिल्याच वर्षी शिकवतात, घेणाऱ्याच्या नावे टाका, देणाऱ्याला जमा करा. इथे देणारे कोण? मुलाची मेहनत, आईची जागरणं, गणिताचे सर, आणि थोडं नशीबही. चौकात मान घेणारे कोण? बहुधा आपण. म्हणजे तो मान आपल्या नावे पडायला हवा. आपण मात्र तो स्वतःला जमा करून मोकळे होतो. 'पोरानं नाव काढलं' असं म्हणताना ते नाव कुणाचं, हे एकदा विचारून पाहावं.

बँकेत आणखी एक गोष्ट अगदी सुरुवातीला सांगतात. एका खातेदाराची शिल्लक दुसऱ्याला सांगायची नाही. रक्कम मोठी असो की लहान, ती सांगण्याचा अधिकार ज्याचं खातं त्याचा. मुलाचे गुण, त्याचा क्रमांक, त्याचं कॉलेज हे त्याचं खातं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं कोचिंग क्लासांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात म्हटलं आहे की यशस्वी विद्यार्थ्याचं नाव किंवा फोटो वापरायचा तर त्याची लेखी संमती हवी, आणि तीही निकाल लागल्यानंतर घेतलेली. क्लासवाल्यानं विचारायलाच हवं, असा आता दंडक आहे. घरात कोण विचारतं? "तुझा फोटो लावू का रे?" एवढं एक वाक्य विचारायला काय लागतं? पुष्कळ मुलं 'नको' म्हणतील, म्हणूनच बहुधा आपण विचारत नाही.

'नको' का म्हणतील? ओळखीतल्या एका घरातली हकिगत सांगतो. मुलगा परराज्यातल्या नावाजलेल्या कॉलेजात गेला. गल्लीच्या तोंडाशी दहा फुटी फ्लेक्स लागला. तीन महिन्यांत त्याला कळून चुकलं की ही शाखा आपली नव्हे. परत यावंसं वाटत होतं. फी बुडाली असती, पण वडिलांनी ते सोसलं असतं. तो एका रात्री फोनवर आईला म्हणाला, "आई, तो फ्लेक्स अजून आहे का गं?"

पुढे तो आलाच परत, पण दीड वर्षानं, तब्येत बिघडवून घेऊन. आता गावातल्याच कॉलेजात बी.कॉम. करतो, बरा आहे, हसतो-बोलतो. वडील भले गृहस्थ आहेत. ते अजून म्हणतात, "त्यानं मला आधी का नाही सांगितलं?" त्यांना कोण सांगणार, की तुम्ही गावाला आधी सांगून बसला होतात.

शैक्षणिक कर्जाच्या फायली माझ्या टेबलावरून पुष्कळ गेल्या. त्या कर्जात एक शहाणपण आहे. शिक्षण चालू असेपर्यंत, आणि सर्वसाधारणपणे त्यानंतरही वर्षभर, मुलाकडे हप्ता मागत नाहीत. त्याला पायावर उभं राहू देतात. मिरवण्याचं कर्ज मात्र असं नसतं. त्यावर सही आपली असते, आणि हप्ते पहिल्या दिवसापासून मुलानं भरायचे. सुट्टीला घरी आला की जो तो विचारणार, "काय, पहिलाच येतोस ना?" आला हप्ता.

आता शेजारच्या घरांकडे बघू. २०२४ साली नीट परीक्षेला २३ लाखांहून जास्त मुलं बसली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा तेव्हा सव्वा लाखाच्या आत होत्या. ढोबळ हिशेबानं वीस मुलांमागे एक जागा. एका घरात पेढे, तर एकोणीस घरांत त्या संध्याकाळी दिवा लावायलाही कुणी उठत नाही. यात पेढे वाटणाऱ्याचा दोष नाही, हे मी पुन्हा सांगतो. पण त्या एकोणीस घरांतली मुलं त्याच चौकातून जातात-येतात, एवढं ध्यानात असावं. दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्या राज्य मंडळानं उगाच नाही बंद केल्या. सीबीएसईनंही २०२३ साली यादी जाहीर न करण्याचं कारण मुलांमधली घातक स्पर्धा टाळणं हेच दिलं. मंडळांनी जी यादी काढून टाकली, ती आपण चौकात पुन्हा टांगली.

श्रीगुरुचरित्राच्या सतराव्या अध्यायातला करवीरचा मुलगा आपण पारायणात दरवर्षी भेटतो. बाप मोठा विद्वान, मुलाला विद्या येईना. लोक बापाचं नाव काढून त्याला हिणवायचे. ते बोल असह्य होऊन तो घर सोडून भिलवडीला भुवनेश्वरीच्या देवळात गेला आणि त्यानं आपली जीभ कापून वाहिली. देवीनं त्याला नदीपलीकडे औदुंबराला धाडलं. पारायण करताना आपलं लक्ष पुढच्या कृपेकडे असतं. मी मात्र अलीकडे आधीच्या ओव्यांशी थांबतो. त्या मुलाला रानोमाळ कुणी केलं? चारचौघांच्या तोंडानं. आणि गुरूंनी डोक्यावर हात ठेवला तेव्हा आधी गुणपत्रिका मागितली नाही.

मग करावं काय? आनंद दाबू नये. पेढे घेऊन आधी शिकवणाऱ्यांच्या दारी जावं, मुलाला सोबत घेऊन. फोटो लावायचा तर त्याला विचारून, आणि 'नको' म्हणाला तर तिथेच विषय संपवून. मंडळानं सत्कार ठेवलाच, तर जुलैच्या पुरवणी परीक्षेत जिद्दीनं पास झालेला आणि आयटीआयला लागलेलाही व्यासपीठावर असावा. आणि ज्या रात्री प्रवेश पक्का होईल, त्या रात्री घरात मुलाला एवढं जरूर सांगावं: "तिथं नाही जमलं, तर दार उघडंच आहे. लोकांचं मी बघून घेईन."

हे वाक्य ज्या घरात बोललं गेलं, त्या घराचा फ्लेक्स दहा फुटांचा असला तरी माझी तक्रार नाही. ते न बोलता नुसते पेढे वाटले, तर पोर मनात एवढीच खूणगाठ बांधतं की आपण या घराचे आहोत ते निकालापुरते.

आपल्या मुलांना अपयशही घरी आणता यावं, इतकी मोठी घरं महाराजांनी आपल्याला द्यावीत, हीच श्रीचरणी प्रार्थना.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!