पिवळं पडलेलं पांढरं

समजा, शेजारच्या आजींनी त्यांच्या मुलाची लहानपणीची गाडी तुम्हाला दुरुस्त करायला दिली आणि ती तुमच्या हातून आणखी मोडली. मोडलेला भाग बाजारात अगदी तस्साच, कोरा मिळतो. गुपचूप बदललात तर कुणाला कळणारही नाही. तुम्ही सांगाल?

मागच्या ऑक्टोबरात माझ्यावर ही वेळ आली. तोवर मीसुद्धा 'सांगेन की, त्यात काय' असंच म्हटलं असतं.

गाडी म्हणजे 'ग्रासहॉपर'. जपानच्या तामिया कंपनीने 1984 साली आणलेली, रिमोटवर पळणारी, खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची. ती तयार मिळत नसे; खोक्यातले सुटे भाग घरी बसून जोडायचे, ड्रायव्हरचं डोकं आपणच रंगवायचं. लीड्समधल्या आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या. मुलगा न्यूझीलंडला असतो, नाताळात यायचा होता. मी प्लॅस्टिकवर संशोधन करते हे त्यांना ठाऊक, म्हणून माळ्यावरचं खोकं माझ्याकडे आलं. "पूर्वीसारखी करून दे," एवढंच म्हणाल्या.

पूर्वी ती पांढरी होती. आता जुन्या वर्तमानपत्राच्या रंगाची झाली होती. मुलाच्या खोलीत खिडकीत कित्येक वर्षं उभी होती म्हणे. बॉडी पॉलिस्टायरिनची. उन्हातले अतिनील किरण आणि हवेतला ऑक्सिजन मिळून या प्लॅस्टिकचे लांबलचक रेणू तोडत जातात. तुटताना रंग धरणारे छोटे गट तयार होतात, तो पिवळेपणा. रेणू आखूड झाले की प्लॅस्टिक ठिसूळ होतं. म्हणजे एकाच नुकसानीच्या या दोन खुणा: एक दिसते, दुसरी हात लावल्यावर कळते.

या छंदातली मंडळी यावर एक उपाय करतात. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून भाग प्रकाशात ठेवायचा. पिवळेपणा बराच उतरतो. पण तुटलेले रेणू काही पुन्हा जुळत नाहीत. रंग परततो, ताकद परतत नाही. नायलॉनच्या भागांची गोष्ट थोडी वेगळी. नायलॉन हवेतलं पाणी धरून ठेवतं आणि कोरडं पडलं की कडकडीत होतं. गरम पाण्यात ठेवलं की पुन्हा लवचीक होतं. म्हणजे काही नुकसान भरून निघतं, काही फक्त झाकलं जातं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात, आणि माझा सगळा घोळ इथेच आहे.

बॉडीच्या आतल्या बाजूला ॲराल्डाइटचा एक ओबडधोबड थर होता. गाडी कधीतरी भिंतीवर आपटली असणार. मी बॉडी उचलली आणि कट्कन आवाज झाला. ॲराल्डाइट तसंच होतं. त्याच्या शेजारचं प्लॅस्टिक गेलं होतं.

तामियाने ही गाडी 2005 साली पुन्हा बाजारात आणली. त्यामुळे नवी पांढरी बॉडी मिळते, भोकं जागच्या जागी. मी ऑर्डरच्या पानापर्यंत पोचलेही होते.

जुनी बॉडी टाकून नवी बसवली, तर ती 'तीच' गाडी राहील का? प्रश्न पुराणाच आहे. थीसियसच्या जहाजाच्या फळ्या एकेक करून बदलत गेल्या, मग ते तेच जहाज का, यावर तत्त्वज्ञ वाद घालत असत, असं प्लुटार्क सांगतो. सतराव्या शतकात हॉब्जने त्याला आणखी एक पीळ दिला: काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कुणी जमवून त्यांचं दुसरं जहाज बांधलं तर खरं कोणतं? आपल्याकडे 'मिलिंदपञ्ह'मध्ये नागसेन भिक्खू राजाला त्याच्या रथाबद्दल विचारतो: आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे रथ का? एकही भाग म्हणजे रथ नव्हे. भाग एकत्र आले की त्याला आपण 'रथ' म्हणतो.

नागसेनाचं म्हणणं मला सोयीचं होतं. रथ हे नावच असेल तर बॉडी बदलायला हरकत काय? पण मग लक्षात आलं, की बदलण्याला माझी हरकत नव्हतीच. आईने पितळेच्या पातेल्याला दर काही वर्षांनी कल्हई करून घेतली, म्हणून ते पातेलं खोटं झालं नाही. कल्हई केली हे घरात सगळ्यांना माहीत असे. मी मात्र न सांगता बदलणार होते.

आणि न सांगण्याचा दुसऱ्या बाजूचा अनुभव माझ्याकडे ताजा होता. गेल्या वर्षी साताऱ्यात बाबांना स्टेंट बसवला. मला अकरा दिवसांनी कळलं. त्या अकरा दिवसांत आम्ही चार वेळा व्हिडिओवर बोललो. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. "तू तिकडे एकटी, उगाच जिवाला घोर," आई नंतर म्हणाली. तुमच्यापैकी कितीजणांनी हे वाक्य ऐकलं असेल, मी सांगायला नको. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. आजार बाबांचा, तो कुणाला सांगायचा हे त्यांनीच ठरवायचं. तरीही ते चार फोन आठवले की मी कोणाशी बोलत होते असं वाटतं. पेरॉक्साइड लावलेल्या चित्राशी.

मी आजींकडे गेले आणि तुटलेला तुकडा टेबलावर ठेवला. नवी बॉडी मिळते, तेही सांगितलं. त्यांनी ॲराल्डाइटच्या थरावरून बोट फिरवलं. तो त्यांच्या नवऱ्याने लावला होता, याच टेबलावर, मुलगा रडत होता म्हणून. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. हे मला माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. गुपचूप बॉडी बदलली असती तर तो थर माझ्या कचऱ्याच्या डब्यात गेला असता, आणि कुणाचं काही गेलं हे मलाही कधी कळलं नसतं.

मला वाटलं, आता त्या म्हणतील, पिवळीच राहू दे. तशा म्हणाल्या नाहीत. "पांढरी कर. डिंक तेवढा ठेव." प्लॅस्टिक ठिसूळच राहील, पळवता येणार नाही, असं मी बजावलं. "तोही आता पन्नाशीला आलाय," त्या म्हणाल्या, "कपाटावर ठेवू."

लीड्सच्या ऑक्टोबरात ऊन कुठलं, म्हणून अतिनील दिवा वापरला. तडा आतून पॉलिस्टायरिनच्या पट्टीने सांधला. पट्टी रंगवली नाही, बॉडी उलटी केली की दिसते. वस्तुसंग्रहालयातले लोकही जोड शोधणाऱ्याला सापडेल असा ठेवतात. खोक्यात एक कागद ठेवला: काय तुटलं, कोणाच्या हातून, कशाने जोडलं, तारीख.

तो कागद लिहून झाल्यावर बाबांना फोन लावला. म्हटलं, डिस्चार्ज कार्डाचा फोटो पाठवा, दोन्ही बाजूंचा. थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग आईला हाक मारून चष्मा मागितला.