जुने कोणी ठरवायचे?

मोबाईलमध्ये दोन गोष्टी असतात : आपण हातात धरतो तो डबा आणि त्याला चालवणारी प्रणाली. डबा फुटला तर आपल्याला दिसते. प्रणालीचे आयुष्य मात्र दूरवरचे लोक ठरवतात. अँड्रॉइडची ४.४ ही आवृत्ती ऑक्टोबर २०१३ मध्ये आली. गूगलने २०२३ साली तिला आपल्या नव्या सेवा देणे थांबवले आणि जानेवारी २०२५ पासून त्यावर व्हॉट्सअ‍ॅपही चालेनासे झाले.

जिओफोन आपल्याला अधिक जवळचा. २०१७ साली दीड हजार रुपये अनामत भरून मिळणारा, कायओएस प्रणालीवर चालणारा हा बटणांचा फोन अनेक घरांतील वडीलधाऱ्यांच्या हाती आला. २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सअ‍ॅप आले, २०२५ च्या आरंभी गेले. आता कुणाच्या अंत्यविधीची वेळ आपण ग्रुपवर टाकतो तेव्हा ती त्या फोनवर पोहोचत नाही. ‘ग्रुपवर टाकले होते की!’ असे आपण बिनदिक्कत म्हणतो, हे जाता जाता.

याला अन्याय म्हणावे का? घाई नको. प्रणाली झिजत नाही हे खरे, पण चोराला शिरता येईल अशा फटी तिच्यात सापडत राहतात आणि त्या बुजवायला माणसे लागतात. मलिक अंबरने सतराव्या शतकात आपल्या शहरासाठी बांधलेली नहर इतकी वर्षे वाहिली, ती कुणीतरी गाळ काढत राहिले म्हणून. दुसऱ्याने आपल्यासाठी अखंड गाळ काढावा, तोही फुकट, असे मागता येणार नाही.

पण नहरीच्या भरवशावर ज्यांना वस्ती करायला बोलावले, त्यांना पाणी कधीपर्यंत येईल हे आधी सांगायला नको का? औषधाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते. पैठण गेटला फोन घेताना आपण कॅमेरा विचारतो, मुदत विचारत नाही.

आम्हाला खटकते ते आणखी एक. मुदत बहुधा फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, आपण घेतला त्या दिवसापासून नाही. ज्याच्याजवळ पैसे कमी तो जुना किंवा वापरलेला फोन घेतो आणि त्याच्या वाट्याला उरलेली थोडी वर्षे येतात. युरोपीय संघाने जून २०२५ पासून लागू केलेल्या नियमात पाच वर्षांची मोजणी त्या फोनचा शेवटचा नग बाजारात आणल्यापासून होते. सर्वांत शेवटी घेणाऱ्याचा हिशेब त्यात धरलेला आहे.