अनध्याय आणि स्वाध्याय



ज्येष्ठ लागला की वारकऱ्याच्या घरी दोन तयाऱ्या एकदमच सुरू होतात. खुंटीवरची पताका आणि पडशी खाली उतरते, आणि कोनाड्यातले नातवंडांचे दप्तर झटकले जाते. एकाला पंढरीची वाट, दुसऱ्याला शाळेची. सन २०२० च्या ज्येष्ठात मात्र या दोन्ही वाटा बंद होत्या. त्या वर्षी आमच्या घरी जे घडले, आमच्या हातून जे चुकले, ते आज सांगावयाचे योजिले आहे. कोणी म्हणेल, बुवा, साथ गेली, आता तो विषय कशाला? अहो, आमची आजी प्लेगच्या आणि मानमोडीच्या गोष्टी सांगे. गाव सोडून लोक रानात झोपड्या घालून कसे राहिले, ते सांगे. आम्ही त्या गोष्टी राक्षसाच्या गोष्टींसारख्या ऐकल्या. आपल्यावर तशी पाळी येईल हे मनातही आले नाही. म्हणून नातवंडांच्या घरात हे लिहून ठेवलेले असावे.

पाडव्याच्या दिवशी, म्हणजे २५ मार्च २०२० ला, सारा देश घरात बसला. आमचा नातू तेव्हा तिसरीत. परीक्षा रद्द झाली, पोरगा उड्या मारीत चौथीत गेला. पंधरा दिवस मौजेचे गेले. मग विचारू लागला, “आबा, शाळा कधी?” आम्ही म्हणालो, “पंधरा जूनला. दरवर्षी उघडते तशीच.” पंधरा जून आला. पोराने सकाळी आंघोळ करून गणवेष चढवला. तो आखूड झालेला. फाटकापर्यंत जाऊन परत आला, कारण शाळेला कुलूप. आम्ही म्हणालो, “गणपती झाले की.” गणपती झाले. मग म्हणालो, “दिवाळी झाली की.” दिवाळी झाली, नोव्हेंबर अखेर नववीपासून वरचे वर्ग भरले, चौथीचा नाही. तेव्हा तो पोर आमच्याकडे न बघता म्हणाला, “आबा, तुम्ही कीर्तनात लोकांना खरं बोला म्हणता.”

काय उत्तर द्यावे? खोटे बोलण्याचा हेतू नव्हता. लेकराचे मन मोडू नये एवढाच हेतू. परंतु जी तारीख सरकारला ठाऊक नाही, वैद्याला ठाऊक नाही, ती आम्ही पदरची दिली, आणि एकदा नव्हे, तीनदा. सज्जनहो, अनिश्चित काळात लेकरू शाळा बुडाल्याने जितके खचत नाही तितके वडीलधाऱ्यांचा शब्द तीन वेळा पडल्याने खचते. त्या दिवसापासून आम्ही एवढेच सांगितले : “बाळ, आम्हांला ठाऊक नाही. ज्या दिवशी कळेल त्या दिवशी पहिल्यांदा तुला सांगू.” आणि पाहा, त्याची कुरकुर वाढण्याऐवजी कमी झाली. पुढे तो चौथीच्या वर्गात एक दिवसही बसला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये आमच्याकडची शाळा भरली तेव्हा एकदम पाचवीच्या बाकावर बसला.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. आम्ही लहानपणी पाठशाळेत शिकलो. तिथे अनध्याय पाळीत. प्रतिपदा, अष्टमी, अमावास्या, पौर्णिमा या दिवशी नवी संथा नाही. अवेळी गडगडाट झाला, गावात कोणी गेले, की पाठ बंद. धर्मशास्त्राने तर धुळीचे वादळ सुटले, कोल्हा, कुत्रा, गाढव ओरडले तरी अनध्याय सांगितला आहे. आम्हां पोरांना गाढवाचे ओरडणे त्यामुळे फार गोड वाटे! परंतु त्याच शास्त्राने पुढे असेही म्हटले आहे की नित्याचा जो स्वाध्याय, त्याला अनध्याय नाही. नवा पाठ बंद, झालेल्या पाठाची आवृत्ती चालूच. आमचे गुरुजी अनध्यायाच्या दिवशी शिकवीत नसत, पण ओसरीवर बसवून म्हणवून घेत.

साथीचे ते वर्ष म्हणजे एक लांबलेला अनध्याय होता. तो आपल्या हातचा नव्हता. स्वाध्याय मात्र आपल्या हातचा होता. मौज अशी की सरकारी पाठ्यपुस्तकात प्रत्येक धड्याखाली जे प्रश्न असतात त्यांनाही ‘स्वाध्याय’ असेच म्हणतात. नातवाची पुस्तके शाळेतून घरी आली तेव्हा तो शब्द आमच्या डोळ्यांत भरला.

मग घरात एक वेळ बांधली. सकाळी आठ ते दहा. आमची सौभाग्यवती पाढे म्हणवून घेई, सूनबाई मराठी वाचून घेई. सह्याद्री वाहिनीवर जुलैपासून ‘टिलीमिली’ लागे, ते पाहायचे. मोबाईल एकच, आणि नात दहावीला, म्हणून पहिला तास तिचा. तोही रेंज मिळेल तर, नाहीतर तिला माळवदावर जाऊन बसावे लागे. दुपारी नातीने नातवाला गणित शिकवायचे. आधी ती रुसली, “माझाच अभ्यास होत नाही.” आम्ही तिला निवृत्तिनाथांची आठवण दिली. त्या चार भावंडांना गावाने वाळीत टाकले, आईबाप गेले, पाठशाळेचे दार बंद. ज्ञानदेवांना गुरू कुठे भेटला? घरातच, थोडासाच थोरला भाऊ. शके १२१२ मध्ये नेवाशाला जो ग्रंथ सिद्ध झाला त्याच्या मुळाशी एका भावाने दुसऱ्याला जवळ बसवून घेतले, ही गोष्ट आहे. नात हसली आणि पाटी घेऊन बसली.

एका श्रोत्याने आम्हांला विचारले होते, “महाराज, हरिपाठ म्हटल्याने अपूर्णांक येतील का?” नाही येणार, माउली. अपूर्णांक अपूर्णांक सोडवूनच येतात. हरिपाठाने एकच होते, पोराला ठरल्या वेळी ठरल्या जागी बसायची सवय लागते. ती नसेल तर चांगला मास्तर मिळूनही उपयोग नाही.

आणि पोरे आपले बोलणे कमी ऐकतात, वागणे जास्त पाहतात. त्या वर्षी पायी वारी नव्हती. माउलींच्या पादुका दशमीला, ३० जूनला, मोजक्या लोकांसह एस.टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या. तीस-पस्तीस वर्षांत आमची वारी चुकली नव्हती. दोन दिवस आम्ही कोणाशी धड बोललो नाही. जेवणावर राग काढला. तिसऱ्या दिवशी नातवाने वहीवर राग काढला, पाने टरकावली. आम्ही रागे भरणार, तो लक्षात आले की ही विद्या त्याला कोणी शिकवली. अरणच्या सावता महाराजांनी मळ्यातच पंढरी पाहिली असे आम्ही कीर्तनात हजार वेळा सांगितले असेल. अंगणातल्या तुळशीपुढे एकादशीला उभे राहावयाची पाळी आमच्यावर आली तेव्हा ते जड गेले, हे कबूल करतो.

आता जे सांगितल्यावाचून राहवत नाही ते सांगतो. पंधरा जून उलटल्यावर आमच्या दिंडीतले एक टाळकरी मुहूर्त विचारण्यास आले. मुलगी नववीत गेलेली. म्हणाले, “महाराज, शाळेचा भरवसा नाही, मोबाईल नाही, पोर दिवसभर घरात. पन्नास माणसांत लग्न उरकते, खर्च वाचतो.” त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता, काळजीच होती. पण मुलगी चौदा वर्षांची. आम्ही पंचांग उघडले नाही. म्हणालो, “माउली, हा मुहूर्त पंचांगात नाही आणि कायद्यातही नाही. अठरा वर्षांनंतर या.” नुसते एवढे बोलून भागणार नव्हते, कारण त्यांची अडचण खरी होती. दिंडी निघाली नसल्याने भिशीचे पैसे तसेच पडून होते. चार जणांना विचारून त्यातून एक जुना मोबाईल घेतला, रिचार्ज मारला आणि पोरीला रोज दहा वाजता आमच्या ओसरीवर, नातीपासून दोन हात अंतर राखून, तोंडाला फडके बांधून बसवली. पुढे आणखी तीन पोरे आली. भिशीचा हिशेब पुढल्या वर्षी मांडला तेव्हा एकानेही तोंड वाकडे केले नाही. ती मुलगी बारावी झाली.

परंतु त्याच ज्येष्ठात, त्याच्या आठ दिवस आधी, शेजारच्या आळीत एक लग्न लागले होते. वाजंत्री नव्हती, पण अक्षतांचा गलबला ऐकू आला होता. कोणाचे ते आम्हांला ठाऊक होते. गर्दीत जाऊ नये, असे निमित्त करून आम्ही घरातच बसलो, आणि ते निमित्त त्या दिवशी आम्हांला फार सोयीचे वाटले. नोव्हेंबरात दहावीचा वर्ग भरला. बाईंनी हजेरी घेताना त्या मुलीचे नाव वाचले. पोरी म्हणाल्या, ती आता येणार नाही. आमच्या नातीने घरी येऊन दप्तर ठेवले आणि विचारले, “आबा, तुम्हांला ठाऊक होतं?”

आम्ही होय म्हणालो. तारखांचे खोटे सांगून झाले होते, आता आणखी एक सांगण्याचे धैर्य नव्हते. नात काही बोलली नाही. दुपारी नेमाने भावाला गणित शिकवायला बसली, आमच्याकडे पाठ करून.

तेव्हापासून ज्येष्ठात भिशी गोळा करण्यास ज्या घरी जातो, तिथे पैशाआधी विचारतो, मुलगी कोणत्या वर्गात गेली, आणि पुस्तके आली का. कोणी कोणी चिडतात. चहा पिऊन पुढच्या घरी जातो.