जखमेचा साक्षीदार

१८९२च्या शरद ऋतूत चोवीस वर्षांची एक तरुणी फ्रॉइडकडे उपचारांसाठी आली. दोन वर्षांहून जास्त काळ तिचे पाय दुखत होते, थोडं चाललं तरी थकवा येई. तपासणीत खास काही सापडत नव्हतं. दुखण्याची जागा मात्र ठरलेली होती: उजव्या मांडीचा पुढचा भाग. फ्रॉइड तिच्याशी अनेक आठवडे बोलत राहिला. मग एके दिवशी ती जागा कुठून आली, हे तिनेच सांगितलं. आजारी वडिलांची तिने दीड वर्ष सेवा केली होती. रोज सकाळी त्यांच्या सुजलेल्या पायाची पट्टी बदलताना ती तो पाय आपल्या उजव्या मांडीवर घेत असे. दुखत होती ती नेमकी तीच जागा. बोलता बोलता महत्त्वाची आठवण जवळ आली की कळ उठायची आणि सांगून पूर्ण झालं की ओसरायची.

१८९५मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड या दोन डॉक्टरांनी हिस्टेरियावरचं पुस्तक काढलं, त्यात ही हकीकत ‘एलिझाबेथ’ या नावाने आहे. फ्रॉइडच्या पुढच्या सगळ्या सिद्धान्तांपेक्षा मला ही काही पानं मोलाची वाटतात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्कोने हिस्टेरिया हे ढोंग नाही, हे ठासून सांगितलं होतं. पण शार्को आजारी बायकांना भरल्या सभागृहात उभं करून दाखवायचा, त्यांचे फोटो काढून घ्यायचा. मानसशास्त्रज्ञ पिएर जानेने १८८९मध्ये मांडलं की न पेलवणारा अनुभव जाणिवेपासून तुटतो आणि वेगळा राहून आपलं काम करत राहतो. इथे मात्र एक डॉक्टर खुर्ची ओढून बसला आणि दुखऱ्या पायाला तुझं काय झालं म्हणून विचारू लागला.

हे ऐकणं फार काळ टिकलं नाही. एप्रिल १८९६मध्ये व्हिएन्नातल्या सहकाऱ्यांसमोर फ्रॉइडने अठरा रुग्णांच्या आधारे सांगितलं की हिस्टेरियाच्या मुळाशी बालपणी झालेला लैंगिक अत्याचार असतो. सभेने थंड स्वागत केलं. अध्यक्षस्थानी असलेल्या क्राफ्ट-एबिंगने तर त्याला वैज्ञानिक परीकथा ठरवलं. दीड वर्षही झालं नसेल, सप्टेंबर १८९७मध्ये फ्रॉइडने मित्राला, फ्लीसला, पत्रातून कळवलं की आपला या सिद्धान्तावर आता विश्वास उरलेला नाही. त्याने दिलेली कारणं अगदीच लटकी नव्हती. उपचार तडीस जात नव्हते, इतके वडील दोषी असतील हे पटत नव्हतं, आणि नेणिवेत घडलेलं आणि कल्पिलेलं यांतला फरक ओळखायची खूणही सापडत नव्हती. याच वळणामुळे स्वप्न, इच्छा आणि कल्पना यांचा अफाट प्रदेश खुला झाला, हेही मान्य करायला हवं. अत्याचार घडतात हे फ्रॉइडने पुढेही नाकारलं नाही. पण भर सरकला. ‘माझ्या बाबतीत हे घडलं’ असं एखादी बाई म्हणाली की मनोविश्लेषकाचा कान आधी तिच्या दडलेल्या इच्छेकडे लागू लागला.

हा कान पुन्हा जागेवर आणण्याची धडपड केली बुडापेस्टच्या मनोविश्लेषक सांदोर फेरेन्झीने. इतरांनी हात टेकलेले रुग्ण त्याच्याकडे येत. त्याच्या लक्षात आलं की त्याचं स्पष्टीकरण ते निमूटपणे मान्य करतात, पण रात्री तीच जुनी भयस्वप्नं पडतात. कोचामागे अलिप्त बसलेला, आपल्या चुका कबूल न करणारा विश्लेषक हा त्यांच्या जुन्या घराचीच पुनरावृत्ती असतो, या निष्कर्षाला तो आला. १९३२ साली त्याने एक खासगी रोजनिशी ठेवली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात वीसबाडेनच्या परिषदेत एक निबंध वाचला. त्यातलं मूल मोठ्या माणसाकडे माया मागायला जातं आणि त्याच्या वाट्याला वासना येते. भेदरलेलं ते मूल दुसऱ्या मोठ्या माणसाकडे, बहुधा आईकडे, जातं. ती म्हणते, काहीतरीच काय, असं काही झालेलं नाही.

फेरेन्झीच्या मते घाव खोल जातो तो इथे. आता मुलाचा स्वतःच्या डोळ्यांवर, स्वतःच्या अंगावरच विश्वास राहत नाही. मोठ्यांची माया टिकावी म्हणून त्यांचा अपराध ते स्वतःच्या माथी घेतं. त्याचा एक भाग एका रात्रीत प्रौढ होतो. पक्ष्याने चोच मारलेलं फळ अवेळी पिकावं तसा, असं फेरेन्झीने लिहिलं आहे. ही मुलं मोठेपणी किती समजूतदार, किती सेवाभावी निघतात, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. त्या समजूतदारपणाचं आपण कौतुक करतो.

परिषदेआधी फेरेन्झीने हा निबंध फ्रॉइडला वाचून दाखवला होता. फ्रॉइडने तो तूर्त छापू नकोस असं सुचवलं. इंग्रजीत तो आला थेट १९४९मध्ये. फेरेन्झी मे १९३३मध्ये रक्तक्षयाच्या विकाराने गेला. शेवटी त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं, असं अर्नेस्ट जोन्सने पुढे फ्रॉइडच्या चरित्रात लिहून ठेवलं. रोजनिशी छापली जायला १९८५ उजाडलं.

झुरिकमध्ये कार्ल युंग वेगळ्या वाटेने शरीरापाशी पोहोचला होता. हातात स्टॉपवॉच घेऊन तो रुग्णाला एकेक शब्द देई आणि सुचेल तो शब्द बोलायला सांगे. एखाद्याच शब्दाला उत्तर अडखळे, आणि त्याच क्षणी तळहाताला आलेला सूक्ष्म घाम उपकरणावर उमटे. त्या शब्दाखाली दडलेल्या भावनांच्या गाठीला आपण मराठीत गंड म्हणतो. उतारवयात युंगने ग्रीक पुराणातल्या जखमी वैद्याची आठवण काढली: बरं करणाऱ्याला स्वतःच्या जखमेची ओळख हवी. हा विचार आज फार स्वस्तात वापरला जातो. जखम असणं ही काही पात्रता नव्हे. फेरेन्झीने एका रुग्णाबरोबर आळीपाळीने परस्परांचं विश्लेषण करून पाहिलं, पण त्यात गुंता इतका वाढला की त्या प्रयोगाच्या मर्यादा त्यानेच रोजनिशीत नोंदवल्या.

लंडनचा बालरोगतज्ज्ञ डोनल्ड विनिकॉट याने जखमेविषयीच्या या विचाराला आणखी एक पदर जोडला. त्याच्या मृत्यूनंतर, १९७४मध्ये, प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात तो म्हणतो की आपण कोसळून पडू अशी ज्याला सतत भीती वाटते, त्याचं ते कोसळणं होऊन गेलेलं असतं. फक्त त्या वेळी ते अनुभवायला पुरेसं ‘मी’पण तयार झालेलं नव्हतं. अशी गोष्ट आठवणार कशी? एलिझाबेथला निदान वडिलांचा पाय आठवला. इथे आठवणच नाही, आहे ती फक्त धास्ती. ते कोसळणं कुणाच्या तरी सोबतीत पहिल्यांदाच अनुभवावं लागतं.

युंगच्या परंपरेतल्या डोनल्ड काल्शेडने १९९६च्या पुस्तकात अशा माणसांची स्वप्नं तपासली. त्यांत एक राखणदार पुन्हा पुन्हा दिसतो. लहानपणी त्याने आतला सर्वांत कोवळा अंश वाचवलेला असतो. काल्शेड त्या अंशाला बेधडक आत्मा म्हणतो. पण धोका टळला आहे, हे त्या राखणदाराला कधीच कळत नाही. मुलाचा घात आशेनेच केला होता, म्हणून आशा दिसली की तो हल्ला करतो. उपचारांत विश्वास वाढू लागला की नेमका त्याच सुमारास रुग्ण स्वतःला अधिक छळू लागतो, याचा अर्थ इथे लागतो.

श्वास, कंप, स्नायूंतला ताण यांतून जखमेकडे जाणाऱ्या पद्धती आज ठिकठिकाणी दिसतात. शरीराला पुन्हा बोलू दिलं जातंय, याचा मला आनंदच आहे. पण दोन दिवसांच्या शिबिरात सगळं मोकळं करून देण्याची जाहिरात दिसली की मला त्या राखणदाराची काळजी वाटते. तो अनोळखी माणसाला दार उघडत नाही, आणि जबरदस्तीने उघडायला लावलं तर नंतर त्याची किंमत वसूल करतो. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, त्याच खोलीत येऊन बसणाऱ्याला तो कित्येक महिने पारखत राहतो. तो माणूस रजेवर गेला तर सांगितलेल्या दिवशी परततो का, हेही पाहतो. रजेनंतरचा पहिला तास म्हणूनच अनेकदा रागाने आणि टोचून बोलण्याने भरलेला असतो, आणि उपचार करणाऱ्याने तो तास पुरा बसून ऐकायचा असतो.