आभाळ आणि खतावणी

अतिवृष्टीच्या नुकसानीपैकी जेवढी रक्कम आम्ही नांदेड-लातूरकडची माणसे आभाळाच्या नावे घालतो, तिच्यातील पुष्कळशी वस्तुतः आमच्याच खाती पडावयास हवी, असे म्हटले की ऐकणारा किंचित दुखावतो. वातावरण तापले म्हणजे हवेत बाष्प अधिक मावते आणि आठवड्याचे पाणी एका रात्रीत कोसळते, हे शास्त्रज्ञांचे म्हणणे मला मान्य आहे. 2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात या दोन्ही जिल्ह्यांनी तो प्रकार अंगावर झेलला. तथापि पाऊस हा या दाव्यातील एक पक्षकार. त्याच्या वाटेत आम्ही काय मांडून ठेवले होते, हा दुसरा.

आजोबांच्या पिढीत खरिपाची ज्वारी, तिच्यात चार-दोन तास तुरीचे, बांधाला अंबाडी, मूग-उडीद पोळ्याच्या सुमारास घरात आणि उरलेले रान रब्बीसाठी मोकळे, अशी रीत असल्यामुळे एका झडीला सगळेच एकदम सापडत नसे. ती जागा गेल्या तीसेक वर्षांत सोयाबीनने घेतली. त्याने रोख पैसा दिला, लातूरचा आडतबाजार थोर केला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जिल्हाभर एकाच पंधरवड्यात पेरलेले हे पीक एकदमच कापणीस येते, आणि परतीच्या पावसाची वेळही नेमकी तीच. भिजलेल्या गंजीत तिसऱ्या दिवशी हात घातला की कुबट वाफ लागते, आणि शेंगेची शिवण उकलून पांढरा कोंब बाहेर आलेला दिसतो. बियाणे, खत, फवारणी सगळे उधारीचे. पीक बुडते, कर्ज तरंगत राहते.

नुकसानीची मोजदादही वाढली, हे सांगितलेच पाहिजे. कुडाची भिंत पडली तर भावकी मिळून उभी करी, कोणत्याही दप्तरी तिची नोंद होत नसे; आता तेथे पत्रे, विद्युतपंप, मोटारसायकल असते आणि प्रत्येकाला किंमत आहे.

मुखेड तालुक्यातील हसनाळ तर लेंडी प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रातले गाव. प्रकल्प कित्येक दशके रखडलेला, पुनर्वसनाचा घोळ मिटलेला नव्हता, माणसे जुन्याच घरांत होती. 2025 च्या ऑगस्टात रात्री पाणी चढले तेव्हा जीव गेले, गोठ्यातली जनावरे दाव्यासकट गेली. पाणी ओसरल्यावर तलाठी येतो, घर, जनावर, पीक एकेक मोजतो, पंचांच्या सह्या घेतो, आणि कारणाच्या जागी ‘अतिवृष्टी’ असे लिहितो.